गाबोरोनमध्ये अजून तीन वर्षं, की गाशा गुंडाळायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही सहा वर्षं बोत्स्वानाच्या राजधानीत राहतोय. लिहितात गाबोरोन, पण इथली माणसं तो पहिला 'ग' घशातून काढतात, त्यामुळे ऐकायला 'खाबोरोने' येतं. मी हिशेबाच्या कामात, नवरा शाळेत गणित शिकवतो. दोघांचेही करार डिसेंबरात संपतात. माझ्यापुढे आणखी तीन वर्षांचा कागद आलाय, महिनाअखेरपर्यंत सही करायची किंवा नाही म्हणायचं. लेक पाचवीत. आई साताऱ्याला एकटी, वय ७४.

सुट्टीत घरी गेलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. सिंह दिसतात का? चोऱ्या होतात का? सहा वर्षांत सिंह पाच वेळा पाहिला, पाचही वेळा पैसे भरून. चोरी एकदा झाली. बागेतला पाण्याचा पाईप गेला.

जे कुणी विचारत नाही तेच सांगते. पहिल्या आठवड्यात दुकानात शिरून मी थेट विचारलं, "साखर कुठेय?" काउंटरवरची बाई नुसती बघत राहिली. मला वाटलं, झालं, रंग बघून वागतायत. मग ती शांतपणे म्हणाली, "दुमेला म्मा." म्हणजे नमस्कार, बाई. आधी नमस्कार, मग साखर. त्यानंतर "ले काए?" म्हणायचं, शब्दशः 'तुम्ही कुठे आहात?' आणि उत्तर "रे तेंग", म्हणजे 'आहोत'. आपलं 'कसं काय?', 'आहे आपलं', अगदी तसंच. आता सुट्टीत पुण्यात रिक्षावाल्याला आधी नमस्कार करते आणि तो मीटर टाकायचं विसरून माझ्याकडे बघत बसतो.

इथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. सुटे पैसे म्हणजे थेबे, ढाल. भाषण संपलं की सगळे "पुला!" ओरडतात. सध्या ऑक्टोबर आहे, पारा ३८ च्या वर आणि सगळं गाव आकाशाकडे बघतंय. २०१५ मध्ये इथलं धरण कोरडं पडलं होतं, पाणी उत्तरेतून शेकडो किलोमीटरच्या जलवाहिनीने यायचं. २०१७ मध्ये धरण भरलं तेव्हा लोक मुलांना घेऊन ते बघायला गेले होते म्हणे. आम्ही नंतर आलो, पण शेजारीण अजून ते लग्नाच्या गोष्टीसारखं सांगते.

आणि ३० ऑक्टोबर २०२४ ची निवडणूक. १९६६ पासून सत्तेत असलेला पक्ष ६१ पैकी ४ जागांवर आला. सगळे आकडे हाती यायच्या आधीच अध्यक्ष मासिसींनी हार मान्य केली. नवे अध्यक्ष डुमा बोको. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा नेहमीच्याच वेळेला आला.

काळजीचं कारण वेगळं आहे. देश हिऱ्यांवर चालतो आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत. त्याच २०२४ मध्ये इथे २,४९२ कॅरटचा खडा सापडला, आणि त्याच वर्षी तिजोरीला ओहोटी. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी दवाखान्यांत औषधं संपली म्हणून आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

तर दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहिलेल्या, राहणाऱ्या मंडळींनो, काय करू? नुसते अनुभव सांगितलेत तरी चालेल.

उंटावरचा_शहाणा

पाईप चोरणाऱ्याला पाण्याची किंमत कळलेली दिसते. रुमाल टाकून ठेवतो.

डर्बनचा_तात्या

अकरा वर्षं डर्बनच्या उत्तरेकडच्या उपनगरात आहे, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

जुलै २०२१. माजी अध्यक्ष झुमांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात टाकलं आणि दोन दिवसांत आमचा क्वाझुलू-नाताल प्रांत पेटला. मूई नदीपाशी ट्रक जाळले, जोहान्सबर्गचा हमरस्ता बंद. आमच्या भागातली दुकानं लुटली गेली, गोदामं तीन दिवस धुमसत होती. ब्रेडसाठी चार तास रांगेत उभा राहिलो. रात्री गल्लीच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावून आळीपाळीने पहारा. माझ्या हातात काय होतं? मुलाची क्रिकेटची बॅट. शेजारी गोरा म्हातारा, पलीकडे झुलू नर्सबाई, समोर चार पिढ्यांपूर्वी आलेलं तामिळ कुटुंब. सहा वर्षं 'हॅलो'पलीकडे न गेलेले आम्ही त्या आठवड्यात एकमेकांचं मीठमसाला वाटून घेत होतो.

पण गोष्ट इथेच थांबवली तर खोटं होईल. तिथून थोड्या अंतरावर फिनिक्समध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात भारतीयांसाठी वसवलेल्या वस्तीत, असेच नाके लावले होते आणि तिथे ३६ माणसं मेली. बहुतेक काळी. एकूण साडेतीनशेच्या वर बळी गेले, पण फिनिक्सचं नाव अजून निघतं. आणि शेजारीच इनांडात गांधीजींचा १९०४ चा आश्रम. बॅट हातात धरून मी उभा होतो तेव्हा मला त्या आश्रमाची आठवणसुद्धा झाली नाही.

राहा की जा ते सांगत नाही. मी राहिलोय.

कोथरूडची_कैरी

तात्या, वाचून काटा आला. रानजाई, राग मानू नका, पण चोरीचा प्रश्न तुम्ही पाईपवर हसून उडवलात. माझी मामेबहीण जोहान्सबर्गला होती. फाटक उघडायला गाडी थांबली आणि बंदूक लावून गाडी नेली. मूल मागच्या सीटवर होतं, नशिबाने त्याला उतरवू दिलं. महिनाभरात परत आली. विजेची कुंपणं, 'सशस्त्र प्रतिसाद'च्या पाट्या, हे कसलं जगणं? लेक पाचवीत आहे म्हणता, चार वर्षांत तिला एकटीने मैत्रिणीकडे चालत जावंसं वाटेल.

रानजाई

कैरी, राग नाही. बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण जोहान्सबर्ग इथून साडेतीनशे किलोमीटरवर आहे, दुसऱ्या देशात. इथेही कुंपणं आहेत, घरफोड्या होतात, रात्री एकटी चालत मीही जात नाही. तरी दोन्ही एकच नाही. बिहारमध्ये काही घडलं की तिरुवनंतपुरमच्या माणसाला फोन करून 'बरे आहात ना' विचारावं, तसं होतं हे.

उंटावरचा_शहाणा

माझी आजी तसा फोन करायची.

किटवेकर

झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यातून हजर. पूर्वी आमच्याकडे वीज जात नाही म्हणून आम्ही दक्षिण आफ्रिकेला हसायचो. तिथे वीज कापायचे टप्पे असायचे, पहिला, दुसरा, सहावा. पोरं शाळेत 'आज कितवा?' विचारायची. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण तळाला गेलं आणि आमचं हसू बंद झालं. दिवसाला तीन तास वीज, तीही कधी रात्री दोनला. बायको दोनला उठून मिक्सर लावायची. इडलीचं पीठ रात्री दोनला वाटलेलं असलं की त्याला एक वेगळीच चव येते, वैतागाची.

मका करपला. शिमा म्हणजे मक्याची उकड, ती नसली तर इथला माणूस जेवलोच नाही म्हणतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माळीबुवांनी मला म्बाउला, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवायला शिकवली. पंधरा मिनिटं फुंकर मारूनही मला जमेना तेव्हा म्हणाले, "बॉस, तुमच्या देशात आगपेटी असते ना?"

केपटाउनी

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. फेब्रुवारी २०१८ मध्ये केपटाऊनात माणशी दिवसाला ५० लिटर. नळच बंद करून सगळ्यांना रांगेत २५ लिटर द्यायचा दिवस जाहीर झाला होता, एप्रिलातला. तो पुढे पुढे जात राहिला आणि शेवटी पाऊस आला. आम्ही बादलीत उभं राहून अंघोळ करायचो, तेच पाणी संडासाला. ऑफिसातले सहकारी हवालदिल. मी मूळचा लातूरचा. २०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्यामुळे तांब्याने अंघोळ कशी करायची याचं प्रात्यक्षिक मी चक्क जेवणाच्या सुट्टीत दिलं, कपड्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदाच लातूरचा अनुभव परदेशात कामाला आला.

रानजाई, तुमच्या नमस्कारावरून आठवलं. इथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, रत्नागिरी-रायगडकडून शंभरेक वर्षांपूर्वी आलेली. एका दुकानात मी फोनवर बायकोशी बोलत होतो. मालक, ऐंशीच्या पुढचे, माझा फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "गाव कंचा?" मी लातूर म्हटलं. त्यांना ठाऊक नव्हतं. "खेडच्या फुडं काय?" म्हणाले. मी हो म्हणालो. आता कुठून कुठे सांगत बसू.

वाचनखूण

केपटाउनी, त्यातच भर. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत आले तेव्हा गांधीजींनी त्यांना मराठीत बोलायचा आग्रह केला. समोर कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रातले लोक होते. भाषांतर कोण करणार, तर म्हणे गांधीजी, मराठीतून हिंदुस्थानीत. तुम्ही हे मराठी शिकलात कुठे, म्हणून गोखल्यांनी त्यांची भरपूर फिरकी घेतली, पण ऐकलं. तिथून परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत ते आपल्या लोकांसमोर मराठीतच बोलले, असं खुद्द गांधीजींनी लिहून ठेवलंय. एरवी गोखल्यांचं इंग्रजी गाजलेलं.

शिवाजीपार्क_कट्टा

डर्बन म्हटल्यावर आमरे. नोव्हेंबर १९९२, दक्षिण आफ्रिकेतली भारताची पहिली कसोटी, प्रवीण आमरेचं पदार्पण आणि १०३. आम्ही रेडिओला कान लावून होतो. त्याच सामन्यात सचिन धावबाद. टीव्हीवर बघून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज. शिवाजी पार्कने दक्षिण आफ्रिकेला एक शतक दिलं आणि त्यांनी आम्हाला तिसरा पंच दिला.

डर्बनचा_तात्या

कट्टा, त्या मैदानाच्या बाहेर मी पहिल्यांदा बनी चाऊ खाल्लं. पाव मधोमध पोखरून त्यात आमटी ओतायची. सशाचा संबंध नाही. बायको अजून त्याला 'पावाची वाटी' म्हणते.

धागासम्राट

क्रिकेट आलं, धागा गेला. :)

राजेहो_नागपूरवाला

पारा ३८ म्हणून आकाशाकडं पाहून राह्यले काय तुम्ही? आमच्याकडं मे महिन्यात ४६ ला लोक वरातीत नाचतात. याले ऊन म्हणत नाही, याले हिवाळा म्हणतात.

भटकी_मांजर

आम्ही २०२३ ला नवरा-बायको गाडीने फिरलो. गाबोरोन, माउन, कसाने, मग व्हिक्टोरिया फॉल्स. काही उपयोगाचं सांगते. गाढवं. सिंहाला घाबरू नका, हमरस्त्यावर मधोमध उभ्या राहणाऱ्या गाढवांना घाबरा. ती हॉर्नला दाद देत नाहीत. सूर्य मावळल्यावर गाडी चालवूच नका. आणि गुरांच्या रोगासाठीची नाकी असतात, तिथे उतरून औषधाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर बूट पुसायचे. नवरा पायातल्या वहाणा काढून अनवाणी उभा राहिला. त्याला वाटलं देऊळ आहे.

ओकावांगोची मजा ही, की पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत. पाऊस पडतो वर अंगोलात, जानेवारी-फेब्रुवारीला. ते पाणी रमतगमत माउनला पोचतं जून-जुलैत, आणि समुद्राला न मिळताच वाळवंटात जिरतं. आम्ही लाकडी होडीतून गेलो. ती होडी लांब काठीने ढकलतात, मोकोरो म्हणतात. होडीवाल्या दादांनी मला विचारलं, तुमच्या गावी नदी आहे का? म्हटलं, मुठा. कशी आहे? मी विषय बदलला.

बोत्स्वाना-झांबिया सीमेवर कझुंगुलाला पूर्वी ट्रक तराफ्यावरून झांबेझी ओलांडायचे, दिवसेंदिवस रांगा. २०२१ पासून पूल झालाय, ९२३ मीटर. मधेच वळण घेतो, कारण सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत गेला असता. भाऊबंदकीत बांधलेल्या कुंपणासारखा दिसतो.

फॉल्सपाशी एका पोराने मला शंभर ट्रिलियन डॉलरची झिंबाब्वेची जुनी नोट विकली. खरी होती. एकावर चौदा शून्यं. घासाघीस करून अमेरिकन पाच डॉलरला घेतली आणि कोट्यधीश होऊन हॉटेलवर आले.

उंटावरचा_शहाणा

कोट्यधीश कसल्या, कोटीला शून्यं सातच असतात. तुम्ही जलधीच्या, म्हणजे चौदा शून्यांच्या, घरात होतात.

स्पष्टच_बोलतो

सगळं छान चाललंय, म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकतो. झांबियातलं लुसाका आणि गाबोरोन, दोन्हीकडे मिळून नऊ वर्षं काढली. आपल्या मंडळींचं शनिवारचं जेवण असायचं. पुरणपोळी, अंताक्षरी, आणि मग गप्पा. त्या गप्पांत 'हे लोक'. हे लोक आळशी, हे लोक उद्याचा विचार करत नाहीत. वाढायला, भांडी घासायला जी बाई तिथेच उभी असायची, तिचं नाव अर्ध्या घरांना माहीत नसायचं. एकाने तिच्यासमोरच हे म्हटलं. तिला मराठी येत नव्हतं, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो. आणि हीच माणसं लंडनला मुलाला कुणी रंगावरून बोललं की तीन पानी पत्र लिहितात. फिनिक्सचं जे तात्यांनी लिहिलं ते आकाशातून पडलेलं नाही.

पाचवी_ब

सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्या वडिलांनी झिंबाब्वेतल्या बुलावायोत बावीस वर्षं शाळेत शिकवलं. २००८ ला पगाराच्या पिशवीभर नोटांत पाव येत नव्हता तेव्हा विद्यार्थ्यांचे आईबाप मक्याचं पीठ आणून द्यायचे. वडील गेले तेव्हा अकोल्यात पोचलेलं पहिलं शोकपत्र तिकडून आलं होतं.

स्पष्टच_बोलतो

तुमच्या वडिलांना नमस्कार. असे होते म्हणूनच बाकीच्यांचं लिहावंसं वाटलं.

रानजाई

स्पष्ट, तुम्ही लिहिलंत ते मीही ऐकलंय, आणि दोन वर्षं गप्प बसून ऐकलंय. आता त्या शनिवारांना जात नाही, पण उठून काही बोलले असते तर बरं झालं असतं. लेकीने एकदा विचारलं होतं, 'हे लोक म्हणजे माझ्या वर्गातले का?' ऑगस्ट २०२४ ला लेत्सिले तेबोगोने पॅरिस ऑलिंपिकला २०० मीटर १९.४६ सेकंदांत मारली, देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण. दुसऱ्या दिवशी दुपारून सगळ्या देशाला सुट्टी. लेक झेंडा गालावर रंगवून घरी आली आणि म्हणाली, "आपण जिंकलो." मी 'आपण म्हणजे कोण' असं विचारलं नाही.

शेंगदाणा_चटणी

मुख्य मुद्दा राहिलाच. जेवणाचं काय? तूरडाळ, पोहे, गोडा मसाला?

रानजाई

तूरडाळ-पोहे सहज, गोडा मसाला आईकडून. पण खरी गंमत ज्वारीची. इथलं मुख्य अन्न मबेले, म्हणजे ज्वारीच! त्याची बोगोबे, घट्ट आंबील, आंबवून केली की टिंग. चवळीची पानं शिजवून वाळवून ठेवतात, मोरोगो. शेजारणीने पहिल्यांदा दिलं तेव्हा मी त्यावर लसणाची फोडणी घातली. ती आता तशीच करते. पीठ मात्र जरा जाड, भाकरी थापताना कड चिरते.

कोथरूडची_कैरी

गरम पाण्याची उकड काढून मळा, चिरणार नाही. आणि माझं मत बदललेलं नाही, पण एक बोलते. तुम्ही सिंह, चोऱ्या, हिरे, निवडणूक, औषधं सगळं लिहिलंत. आईबद्दल एकच ओळ, तीही वयाची. तुमचा करार आईशी होणार आहे, ऑफिसशी नाही.

डर्बनचा_तात्या

+१. माझी आई २०१९ ला गेली. विमान अदिस अबाबाला चुकलं. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. शेजाऱ्यांनी सगळं केलं होतं, कुणी एक शब्द बोललं नाही. तरी मी राहिलोय हे वर लिहिलं होतं, ते अर्धंच लिहिलं होतं.

किटवेकर

तात्या...

स्पष्टच_बोलतो

आईंना तिकडे न्यायचा विचार केलात का? आमच्या आईने लुसाकात सहा महिने काढले. पहिले दोन महिने खिडकीत बसून होती. मग शेजारच्या बाईबरोबर बाजारात जायला लागली, दोघींची एकही भाषा सामाईक नाही. येताना रडली. आमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

रानजाई

तीन दिवस इथे आले नाही, माफ करा. कैरी, तुमचं वाचून फोन बंद करून ठेवला होता. तात्या, तुम्हाला काय लिहू कळत नाही.

काल आईला विचारलं. ती म्हणाली, मला तिकडे कायमचं बोलावू नकोस, माझी भिशी आहे, मंगळवारचं भजन आहे, आणि तू इथे येऊन माझ्या डोक्यावर बसू नकोस. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, थंडीत तीन महिने येईन, तिकडे तेव्हा उन्हाळा ना? मी तीन वर्षांऐवजी एक वर्षाचा करार मिळतो का ते ऑफिसात विचारलंय. उत्तर सोमवारी. नाही म्हणाले तर पुन्हा इथेच रडायला येईन.

आज सकाळी तिचा परत फोन. ज्वारी मिळते म्हणालीस, दळून मिळते की सबंध? सबंध मिळत असेल तर घरचं लहान जातं घेऊन येते.

उंटावरचा_शहाणा

जात्याचं वजन किती?

रानजाई

वरची तळी अकरा किलो, खालची विचारायचं राहिलं.

भटकी_मांजर

दोन तळ्या दोन बॅगांत घाला. आणि खुंटा हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील.